हिस्केने अडवून ठेवलेली पिशवी

आमच्या कालव्याकाठच्या सात घरांत एक निळी कापडी पिशवी फिरते. तिच्यात एक सिनेमा असतो आणि एक वही. लायब्ररीची गाडी दर दुसऱ्या मंगळवारी चर्चसमोर उभी राहते. वियार्डा मास्तर तिथून एक डीव्हीडी निवडतात, घरी बघतात, वहीत आपलं मत आणि दहापैकी गुण लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पिशवी शेजारच्या घराच्या मागच्या दाराला अडकवतात. पुढची दारं आमच्याकडे लग्नाला आणि मयताला उघडतात. अशी एकेक घर करत ती सहाव्या घरी माझ्याकडे येते आणि सातव्या घरी हिस्केकडे संपते. मग शनिवारी सकाळी दहाला मास्तरांकडे कॉफी, आणि कॉफीबरोबर भांडण.

भांडण मुख्यतः हिस्केचं. बाकीचे आम्ही चर्चा करतो.

हिस्केबद्दल लिहावं असं फार दिवस मनात होतं, पण मला लिहिण्याची सवय नाही. एकतीस वर्षं मी कालव्यावरचा पूल उघडला आणि मिटला. त्या कामात लिहावे लागतात ते बोटींचे नंबर. चांगलं लिहिता येणारा माणूस आमच्यात एकच, वियार्डा मास्तर. ते हिस्केबद्दल लिहिणार नाहीत, आणि त्यांनी लिहिलंच तर ती वाचणार नाही. म्हणून मी.

हिस्केचे वडील चर्चच्या पंचांपैकी एक. तेव्हा आमच्या कर्मठ घरांत सिनेमा म्हणजे पाप होतं. थिएटर बावीस किलोमीटरवर, लेवार्डनला. तिथे जाताना कोणी पाहिलं, तर रविवारच्या प्रार्थनेआधी साऱ्या गावाला कळलेलं असे. तिशी ओलांडेपर्यंत हिस्केने एकही सिनेमा पाहिला नव्हता. वडील गेल्यावर तिच्या नवऱ्याने, श्यूर्डने, टीव्ही आणला. टीव्ही एव्हाना बऱ्याच घरांत आले होते, पण रविवारी तो लावायचा तर पडदे ओढून. एरवी आमच्याकडे पडदे कोणी ओढत नाही. घरात लपवण्यासारखं काही नाही, हे रस्त्यावरून दिसलं पाहिजे. त्यामुळे रविवारी दुपारी पडदे ओढलेलं घर दिसलं, की आत सिनेमा चालू आहे हे कोणालाही सांगावं लागत नसे.

हिस्केने पडदे ओढले नाहीत. दोन पंच तिच्याकडे आले.

"हिस्के, रस्त्यावरून लोकांना दिसतं."

"काय दिसतं?"

"सिनेमा दिसतो."

"मग बाहेर कशाला उभे राहतात? आत या म्हणावं, खुर्च्या आहेत."

त्यातला एक पंच खरंच बसला, असं श्यूर्ड सांगायचा. दुसरा बसला नाही. तो दारातच उभा राहिला, पण शेवटपर्यंत.

तिची नोकरी दूध तपासण्याची. सायकलला बाटल्यांची पेटी बांधून ती पहाटे गोठ्यागोठ्यात जायची, प्रत्येक गाईच्या दुधाचा नमुना घ्यायची आणि फॅट किती लागली ते कार्डावर लिहायची. त्या कार्डावर शेतकऱ्याची मान ताठ राहणार की खाली जाणार हे ठरायचं. गालेमा नावाच्या शेतकऱ्याच्या बक्षीसवाल्या गाईला एका वर्षी फॅट कमी लागली. त्याने हिस्केच्या मागच्या दाराशी अख्खं चीज ठेवलं, बारा किलोचं, चाकासारखं गोल. तिने ते सायकलला बांधलं, त्याच्या घरी नेलं आणि बांधावरून त्याच्या अंगणात घरंगळत सोडलं. कपडे वाळत घालायच्या खांबाला आपटून ते थांबलं. कार्डावरचा आकडा होता तोच राहिला.

"गाय देखणी आहे," ती त्याला म्हणाली, "आणि दूध पातळ आहे. दोन्ही खरं आहे."

सिनेमाही ती असाच तपासते. सरळ पाठीच्या खुर्चीवर बसून, दिवा चालू ठेवून, हातात पेन्सिल आणि जुनं पाकीट घेऊन. पडदे अजूनही ओढत नाही, त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला हे सगळं दिसतं. श्यूर्ड गेला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. त्याच्या खुर्चीवर ती आता सिनेमाचं रिकामं खोकं ठेवते.

वहीत आधीच्यांनी काय लिहिलंय ते वाचू नये, असा काही नियम नव्हता. आम्ही सगळे वाचायचो. मास्तरांचं अक्षर सुरेख, वाक्य गोळीबंद. ते वाचलं की आपल्याला नेमकं काय वाटलं होतं ते कळल्यासारखं व्हायचं. हिस्के मात्र वरच्या सहा घरांच्या मतांवर पाकीट ठेवून आपलं लिहायची, आणि मग पाकीट काढून वरचं वाचायची. तिची मतं अशी असत: "बाई पाच मिनिटं रडते पण नाक लाल होत नाही. ४." किंवा: "नवरा चांगला की वाईट ते यांना ठरवता आलं नाही, म्हणून पाऊस पाडला. ५." एकदा तिने लिहिलं होतं: "घोडा सर्वांत उत्तम. घोड्याला ९, सिनेमाला ६." मास्तर त्यावर महिनाभर धुसफुसत होते. आमच्या वहीत नऊ कोणाला मिळालेले नव्हते.

तर गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली. हिस्के अठ्ठ्याहत्तरची होती.

त्या वेळचा सिनेमा जुना, काळापांढरा, नॉर्वेचा. एका बेटावर दोन भाऊ, दोघांत एकच बोट, आणि वीस वर्षं अबोला. धाकटा सकाळी बोट नेतो, थोरला संध्याकाळी. मला सिनेमा आवडत होता. एक तास अठरा मिनिटांनी थोरला बोटीत बसला, त्याने वल्हं उचललं आणि चित्र थांबलं. वल्हं हवेत. मला वाटलं, हे मुद्दाम केलेलं असणार. मास्तर निवडतात त्या सिनेमांत असं असतं. पाचेक मिनिटं मी त्या वल्ह्याकडे आदराने बघत बसलो. मग लक्षात आलं, काहीतरी बिघडलंय. डीव्हीडी काढून पुन्हा घातली. पुन्हा वल्हं हवेत.

माझं मशीन जुनं. बिघाड असेल तर माझ्याकडेच असणार, हे मला शंभर टक्के पटलं होतं. मी वही उघडली. मास्तरांनी लिहिलं होतं: "भावांचा अखेरचा समेट संयत आणि म्हणूनच हृद्य. ७." दुसऱ्या घराने लिहिलं होतं: "समेट संयत वाटला. ७." तिसऱ्या घरातल्या लुट्स्केने, म्हणजे आमच्या बेकरीवालीने: "समेटाला रडू आवरलं नाही. ८." तिचा नवरा बाउके: "मीही. ७." पुढच्या दोन घरांतही समेट झालेला होता.

मग मी लिहिलं: "दोघांचा समेट मलाही आवडला. ७." आणि पिशवी हिस्केच्या दाराला अडकवून आलो.

शनिवारी मास्तरांच्या बायकोने कॉफी दिली, बिस्किटांचा डबा एकदा फिरवला आणि झाकण लावून कपाटात ठेवला. मास्तरांनी वही मोठ्याने वाचायला घेतली. सगळ्यांची मतं झाली. शेवटी हिस्केचं आलं.

"'एक तास अठरा मिनिटांनी बोट थांबते. तीन वेळा लावून पाहिली. मऊ कापडाने पुसली. पुढे काही नाही. समेट तुम्हाला कुठे दिसला? गुण देता येत नाहीत.'" मास्तरांनी चष्मा काढला. "हिस्के, हे काय आहे?"

"जे आहे ते."

"अगं, तुझं मशीन बिघडलं असेल," बाउके म्हणाला. नोकरीत असताना तो विजेची कामं करायचा. "आज येऊन बघतो."

"ये की. कालच मी त्यावर दुसरा सिनेमा पाहिलाय, शेवटपर्यंत. मशीनमध्ये आणखी काय बघणार आहेस?"

"मग डोळा लागला असेल," लुट्स्के मवाळपणे म्हणाली. "माझाही लागतो गं कधी कधी. वयच आहे."

"मी तीन वेळा झोपले का, लुट्स्के? तीनही वेळा अठराव्या मिनिटाला?"

कोणीतरी हसलं. हिस्केने आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. माझ्यावर तिची नजर किंचित जास्त थांबली, किंवा मला तसं वाटलं. मी कपातल्या कॉफीत काहीतरी शोधत होतो. सहा घरांनी पाहिलेलं एकीला दिसलं नाही, म्हणजे खोट एकीत, असा हिशेब तिथे कोणी न बोलता झाला. ज्या गोष्टीबद्दल मी खोटं लिहिलं होतं, ती बाकीच्यांनी खरंच पाहिली असणार असं मला तेव्हाही वाटत होतं. तसं बघितलं तर प्रत्येकाला तेच वाटत होतं.

हिस्केने पिशवी उचलली. मास्तरांनी हात पुढे केला. मंगळवारी गाडी येणार होती, सिनेमा परत करायचा होता.

"मिळणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सगळे माझ्या घरी येऊन, माझ्या समोर बसून तो समेट दाखवत नाही, तोपर्यंत ही पिशवी माझ्याकडे."

"हिस्के, पिशवी मंडळाची आहे."

"मग मंडळाने यावं."

पिशवी अडवणं हे आमच्याकडे कधीच घडलं नव्हतं. श्यूर्ड वारला त्या आठवड्यातही पिशवी वेळेवर फिरली होती, आणि ती हिस्केनेच फिरवली होती.

लुट्स्के वाईट बाई नाही. तिने झ्वोल्ला शहरात राहणाऱ्या हिस्केच्या मुलीला, निन्केला, फोन केला तो काळजीने. सिनेमाचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं आणि जाता जाता हेही सांगितलं, की फेब्रुवारीत माझा वाढदिवसही तुझी आई विसरली. आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या दाराला आतून लावलेलं असतं. ते रोज डोळ्यांपुढे असताना माणूस विसरतो, म्हणजे डोक्यात काहीतरी सुटायला लागलंय, असाच अर्थ लागतो.

पुढच्या शनिवारी निन्के आली. तिची गाडी मी पाहिली, आणि थोड्या वेळाने तीच मला बोलवायला आली. "रिन्सेकाका, दोन मिनिटं या ना. तुमचं ती ऐकते."

हिस्के कोणाचंच ऐकत नाही, पण मी गेलो. टेबलावर एका वृद्धाश्रमाची फाइल होती, वर हिरव्यागार हिरवळीचा आणि खुर्चीत हसणाऱ्या म्हातारीचा फोटो. शेजारी एक कागद: पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता स्मरणशक्तीची तपासणी.

"आई, नुसती तपासणी आहे."

"आणि ही खुर्चीतली बाई कोण? तिचीही नुसती तपासणी होती का?"

"तू लुट्स्केचा वाढदिवस विसरलीस."

"विसरले नाही. गेले नाही. तिने त्या बँडवाल्याच्या सिनेमाला साडेआठ गुण दिले होते."

निन्के माझ्याकडे वळली. "काका, तुम्हीच सांगा. तुम्ही पाहिलात ना शेवट?"

हिस्के उठून सिंकपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"वहीत लिहिलंय मी," मी म्हणालो.

इतकंच म्हणालो. निन्के म्हणाली, "बघ आई." मी मागच्या दाराने बाहेर पडलो. माझ्या घराच्या दारापर्यंत तेवीस पावलं आहेत, ती त्या दिवशी संपेनात. मी पूल सांभाळायचो तेव्हा धुक्यात एकदा, समोरून बोट येतेय की नाही याची खात्री नसताना, बाकीचे 'काही येत नाही' म्हणाले म्हणून मी पूल खाली घेतला होता. बोटीचं शीड फाटलं. त्यावरून मी काही शिकलो नव्हतो.

लायब्ररीची पुढची गाडी आली त्या मंगळवारी मी तिच्यावर गेलो आणि त्याच सिनेमाची दुसरी प्रत कुठून मिळेल का ते विचारलं. गाडीवरच्या बाईने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, ग्रोनिंगनच्या लायब्ररीत होती. दोन आठवडे लागतील म्हणाली. माझा विचार सरळ होता: आपण काही बोलायचं नाही, डीव्हीडीच बोलेल. तोंड न उघडता खरं सांगायची सोय मी शोधत होतो.

त्या दोन आठवड्यांत मास्तरांनी हिस्केला पत्र लिहिलं. हाताने नव्हे, टाइप करून. पिशवी तत्काळ परत करावी, अन्यथा मंडळाला नवी पिशवी शिवून उर्वरित सहा घरांत उपक्रम चालू ठेवावा लागेल. हिस्केने ते पत्र खिडकीच्या काचेला आतून चिकटवलं, अक्षरं बाहेरच्या बाजूला. येणारे-जाणारे सायकल थांबवून वाचायचे. खाली तिने पेन्सिलने लिहिलं होतं: "भाषा चांगली. ७."

नवी प्रत आली ती तपासणीच्या आधीच्या मंगळवारी. ती मी दोन दिवस घरात ठेवली. मग कोटाच्या आतल्या खिशात घालून गुरुवारी हिस्केच्या मागच्या दारातून आत गेलो. ती मोहरीचं सूप ढवळत होती.

"हिस्के," मी म्हणालो, "माझीपण बोट तिथेच थांबली होती."

ती ढवळत राहिली.

"मला वाटलं, माझं मशीन..."

"मला कशाला सांगतोस? मला माहीत आहे मी काय पाहिलं." तिने चमचा खाली ठेवला. "माझ्या मुलीसमोर तुला विचारलं होतं. तेव्हा तोंडात काय होतं, साखरेचा पाव?"

मी कोटाचा खिसा दाबून उभा राहिलो.

"वही टेबलावर आहे. लिही."

आमच्या वहीत खोडायचं नाही, हा मात्र नियम आहे. तिच्या मताच्या खाली मी लिहिलं: "मीसुद्धा शेवट पाहिलेला नाही. बोट थांबली. समेट मी मास्तरांच्या मतावरून उचलला. रिन्से." अक्षर वेडंवाकडं आलं.

तिने वाचलं. "आता घेऊन फिर. पाचव्या घरापासून उलटा जा. ज्याने जे पाहिलं ते लिहू दे. आणि शनिवारी तीनला सगळे इथे."

"मी? मी जाऊ?"

"मग कोण, ही खुर्चीतली बाई?"

आयुष्यात मी इतक्या घरी एका दिवशी गेलेलो नाही. पाचव्या घराने वाचलं, पेन घेतला आणि लिहिलं: "आम्हीही नाही." चौथ्याने तसंच. बाउके वाचून लालबुंद झाला. "मी लुट्स्केला म्हणालो होतो, चित्र अडकलंय! तर म्हणते, तुझं मशीन, तुलाच लाज वाटायला हवी." लुट्स्के आतून ओरडली, "मग तू तरी का नाही लिहिलंस?" "तू आठ देऊन बसली होतीस!" दोघांनी मिळून अर्धं पान भरलं. दुसऱ्या घराने दार वीतभरच उघडून वही आत घेतली आणि दहा मिनिटांनी बाहेर ढकलली.

मास्तर दारात उभे राहिले. वही हातात घेतली नाही.

"रिन्से, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझीपण नव्हती, मास्तर."

"माझं मत जे आहे ते वहीत आहे." दार मिटलं.

शनिवारी तीनला ते आले मात्र. बायकोबरोबर, टाय लावून. निन्केही आली होती, तिला हिस्केने बोलावलं होतं. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून बाउके आपल्याकडच्या दोन घेऊन आला, आणि खांद्याला अडकवून आपलं मशीनही. पडदे उघडे होते. रस्त्यावर दोन-तीन सायकली थांबल्या.

बोट थांबली. एक तास अठरा मिनिटं. वल्हं हवेत. बाउकेने डीव्हीडी काढली, आपल्या मशीनमध्ये घातली. वल्हं हवेत. त्याने ती उजेडाकडे धरली. काठापासून आत गेलेला एक लांब ओरखडा होता, नखाने जाणवण्याइतका.

निन्के आईकडे बघत होती. "आई..."

"थांब. अजून संपलेलं नाही." हिस्के माझ्याकडे वळली. "काढ काय आहे ते. आल्यापासून खिसा दाबून बसलायस."

मी ग्रोनिंगनची प्रत काढली. बाउकेने ती लावली, पुढे पळवली. थोरल्याने वल्हं पाण्यात घातलं. बोट निघाली. खाडीच्या मध्यावर समोरून दुसरी बोट आली, उसनी आणलेली, तीत धाकटा. दोघं जवळ आले. इतके जवळ, की वल्ही एकमेकांना लागली. दोघांनी आपापली वल्ही आत घेतली, बोटी एकमेकींना घासून पुढे गेल्या, आणि दोघांनी पुन्हा वल्ही बाहेर काढली. कोणी मान वळवली नाही. सिनेमा संपला.

बाउकेने टीव्ही बंद केला.

"पण मी रडले होते," लुट्स्के म्हणाली.

"मास्तरांच्या अक्षराला रडलीस," हिस्के म्हणाली. "अक्षर आहेच तसं."

मास्तरांच्या बायकोने पहिल्यांदाच त्या मंडळात तोंड उघडलं. "आमच्याकडेही थांबली होती. मी म्हटलं यांना, तसं लिहा. तर खोक्याच्या मागचं वाचून लिहिलं."

मास्तरांची मान ताठच होती. "खोक्यावर 'अखेरची भेट' असं छापलंय. भेटीवरून समेट गृहीत धरला, ही माझी चूक. पण वाक्य चांगलं होतं."

"वाक्य उत्तम होतं," हिस्के म्हणाली, आणि मग ती उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर ऐकणं सोपं गेलं असतं. "मला राग खोट्याचा नाही. मशीनला घाबरून माणूस खोटं लिहितो, समजू शकते. पण मी खरं लिहिलं तेव्हा तुम्ही एकानेही डीव्हीडी लावून बघितली नाही. लावून बघायला वीस मिनिटं लागतात. त्याऐवजी माझ्या मुलीला फोन केलात. माझ्या डोक्याला भोक पडलंय हे तुम्हाला पटलं, डीव्हीडीला ओरखडा पडलाय हे नाही पटलं. का? तर ओरखडा खरा असला, तर तुम्ही सहाही घरं खोटी. त्यापेक्षा म्हातारी खुळी झालेली परवडली."

लुट्स्के आता खरंच रडत होती, आणि तिचं नाक लाल झालं होतं.

निन्केने फाइल बॅगेत कोंबली. "मी सोमवारी सकाळी फोन करून रद्द करते."

"तू नाही, मी करणार. आत्ता."

"आई, शनिवार आहे, कोणी उचलणार नाही."

"मशीन उचलेल. मशीनशी बोलायची मला भीती नाही." तिने सगळ्यांसमोर नंबर फिरवला, वाट पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हिस्के बोलतेय, कालव्यावरची. सोमवारी नऊला माझी तपासणी ठेवली होती. ती आज झाली. तुमचा कागद परत पाठवते."

फोन ठेवून तिने वही ओढली आणि पेन घेऊन मास्तरांसमोर ठेवली. मास्तरांनी चष्मा चढवला. मग लिहिलं. त्यांचं अक्षर तेव्हाही सुरेखच होतं. काय लिहिलं ते मी इथे देत नाही. ते त्यांचं आहे, आणि वहीत आहे.

"आणखी एक," हिस्के म्हणाली. "पुढच्या गाडीपासून पिशवी माझ्याकडून निघणार. उलट्या दिशेने."

"असं कसं? सिनेमा मी निवडतो," मास्तर म्हणाले.

"निवडा ना. निवडून माझ्या दाराला लावा. तुम्हाला शेवटी मिळेल. एका घरात शिजवलेलं मत सहा घरांनी वाढून घ्यायचं, ते बंद."

"मग सगळे तुझं शिजवलेलं वाढून घेतील."

"घेतील तर त्यांनाही असंच धरीन."

मास्तरांनी मतदान मागितलं. त्यांना खात्री असावी. मी आजवर त्या मंडळात कशालाच पहिला हात वर केला नव्हता. इतरांचे वर गेले की मग माझा जायचा. या वेळी मी बघितलं तर माझा हात वर होता आणि दुसरा कोणाचाच नव्हता. तो खाली घ्यावा असं मला फार वाटलं. घेतला नाही. मग मास्तरांच्या बायकोचा गेला, मग बाउकेचा.

निन्के अजून महिन्यातून एकदा येते. हिरवळीच्या फोटोचं नाव काढत नाही. लुट्स्केच्या पुढच्या वाढदिवसाला हिस्के गेली नाही, त्याच्या पुढच्याला गेली.

उलट्या दिशेने फिरलेला पहिला सिनेमा एका फ्रेंच न्हाव्याचा होता. हिस्केने आठ दिले होते, आठ म्हणजे तिच्या हातून सोनंच. हिस्केनंतर पिशवी आता माझ्याकडे. मी तो पूर्ण पाहिला, काही भाग दोनदा, आणि चार गुण लिहिले. शनिवारी ते वाचलं गेलं तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकली.

"चार? रिन्से, चार?"

"चार."

"त्या न्हाव्याच्या हातातलं काम बघितलंस का? वस्तरा कसा धरतो?"

"बघितला. वस्तरा छान धरतो. पण सिनेमाभर एकाच्याही दाढीला पाणी लावत नाही."

"ती कला आहे!"

"असेल. कोरड्या दाढीवर वस्तरा चालवला तर रक्त निघतं, हिस्के. मी रोज करतो, मला माहीत आहे."

ती संतापून बोलत राहिली, पाऊण तास. पण मी चारचे साडेचारही केले नाहीत.